सात वाजून चार मिनिटांची विनंती

"वहिनी, सही करू नकोस," नणंद दारातूनच म्हणाली.

हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर वहिनीच्या, म्हणजे सिस्टरच्या, राजीनाम्याचा कागद तयार होता. सोमवारी सकाळी सात वाजून चार मिनिटांनी सिस्टरने एका म्हाताऱ्या रुग्णाची हृदयाच्या ऑपरेशनची तारीख काढून दुसऱ्याला दिली, असा आरोप होता. बावीस वर्षांची नोकरी, आणि तिला धड बोलूही दिलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी पुरावा दाखवला. तिचाच संगणक, तिचंच लॉगिन. शेजारी बसलेला संगणक विभागाचा प्रमुख मान डोलावत होता. नणंद एका कंपनीत प्रोग्रामर होती. तिचं डोकं आधीच तापलेलं होतं. तिने सर्व्हरच्या सगळ्या नोंदी मागितल्या.

"सातला काय केलंस?" तिने वहिनीला विचारलं.

"रोजचंच. लॉगिन केलं, ड्यूटीची यादी उघडली."

"तारखांचं पान?"

"उघडलंच नाही. माझ्याआधी कोणी आलंही नव्हतं. मी रोज पहिलीच असते."

ड्यूटीच्या यादीचं ते पान नवं होतं, वेगळ्या वेब-पत्त्यावरचं. प्रमुखाने ते शुक्रवारी बनवलं होतं आणि सोमवारी सकाळी सातला ते पहिल्यांदाच सगळ्यांसाठी सुरू झालं होतं. नणंदेने त्याचा कोड उघडला आणि बराच वेळ वाचला. मग तारीख मिळालेल्या रुग्णाचा अर्ज मागितला आणि तोही वाचला.

"तारीख बदलायची विनंती या यादीच्या पानावरून गेली आहे," ती म्हणाली. "लॉगिन केलं की सर्व्हर ब्राउझरला कुकी देतो, फाटकावर दाखवायच्या पासासारखी. दुसऱ्या पत्त्यावर विनंती पाठवताना पानातला जावास्क्रिप्ट कोड ती आपणहून सोबत नेत नाही. ती न्यावी म्हणून मुद्दाम एक ओळ लिहावी लागते. ती इथे लिहिलेली आहे. सर्व्हरनेही या पत्त्याला शुक्रवारीच परवानगी दिली. नुसती यादी दाखवायला वहिनीचा पास कशाला हवा होता?"

प्रमुख काहीतरी चाचणीचं पुटपुटला.

"चाचणी? मग या अर्जावर नातेवाईक म्हणून तुमचा फोन नंबर कसा?"

डॉक्टरांनी अर्ज ओढून घेतला. पुढे सरकलेला रुग्ण प्रमुखाचा सासरा होता.

नणंद रागाने प्रमुखाकडे वळली. "कोडमध्ये वहिनीचं नावसुद्धा नाही. जो पहिला पान उघडेल, तो अडकेल. कोण अडकेल, याची तुम्हाला पर्वाच नव्हती. सगळ्यांत आधी कामावर येते, म्हणून ती अडकली."

डॉक्टर माफी मागू लागले. सिस्टरने त्यांना थांबवलं. आधी संगणकापाशी बसून म्हाताऱ्या बाबांची तारीख परत लावली. मग राजीनाम्याचा कागद उचलून प्रमुखासमोर ठेवला.

"नाव तेवढं बदला," ती म्हणाली, "आणि सही करा."