चोप केलेली खुर्ची

सिंगापूरमध्ये जागा अडवायला टिश्यूचं पाकीट पुरतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, भर दुपारी पाय ठेवायला जागा नसते, तरी रिकाम्या खुर्चीवर पाकीट टाकायचं आणि खुशाल जेवण आणायला जायचं. याला म्हणतात ‘चोप’ करणं. ते पाकीट उचलायची कोणाची छाती होत नाही. आम्ही पुण्याहून इथे आलो, तेव्हा माझा नवरा मुकुल म्हणाला होता, “आपल्याकडे पाकीटही गेलं असतं आणि खुर्चीही!”

त्यामुळे २०१५ साली एका सरकारी मीटिंगमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीवर निळ्या फुलांचं पाकीट दिसलं, तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

माझी नोकरी म्हणजे मोळी बांधणं. वीज, वाहतूक, घरबांधणी, उद्योग, अशा सगळ्या खात्यांनी मिळून कार्बन किती कमी करायचा, याचा एकच आकडा ठरवायचा होता, तोही पॅरिसच्या हवामान परिषदेआधी. आधी कमी कोणी करायचं? तर शेजाऱ्यानं! माझे साहेब मिस्टर लिम यांनी बजावलं होतं, “सुलेखा, शुक्रवारी एकमत झालं नाही, तर जो तो आपापला गुळमुळीत आकडा वर पाठवेल. मग विसरा.” मला तो एक आकडा हवाच होता. माझी श्रिया तेव्हा सहा वर्षांची होती. ती म्हातारी होईल तेव्हा या बेटाचा किनारा कुठे असेल, हा विचार भाजी चिरतानाही पाठ सोडत नसे.

खुर्ची वाहतूकवाल्यांची असेल असं मला वाटलं. त्यांना वाटलं, घरबांधणीवाल्यांची. विचारणार कोण? चोप म्हणजे चोप. दोघं-तिघं भिंतीला टेकून उभे राहिले, पण तिथे कोणी बसलं नाही.

पुढची मीटिंग दुसऱ्याच इमारतीत होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर तेच पाकीट, जरा ओलसर. त्या दिवशी चांगलीच जुंपली. उठताना माझं लक्ष गेलं, खुर्चीचे चारही पाय घोट्याइतक्या उंचीपर्यंत ओले होते. एसी गळत असेल, म्हटलं. मी इंजिनिअर बाई, आधी वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत. वास मात्र ओहोटीच्या वेळी समुद्रावर येतो तसा येत होता.

शुक्रवारी तिसरीच खोली, खूप वरच्या मजल्यावर. पाकीट होतंच. ओल आता गुडघ्यापर्यंत आली होती.

“आम्ही तेल सोडून कधीच गॅसवर आलो,” वीज खात्याचा कुमारन तडकला. “अजून काय कापू? हात?”

“मग सगळं आमच्याच बोडक्यावर का?” घरबांधणीची रोझिता म्हणाली.

आवाज चढत गेले. मी खुर्चीकडे पाहिलं. ओलही चढत होती. बैठकीचं कापड कडेनं काळं पडायला लागलं.

मी उभी राहून खुर्चीकडे बोट दाखवलं.

“ज्यांनी ही जागा धरलीय, ते आत्ता आले तर काय सांगणार आपण? त्यांना सांगा. एकेकानं, सोप्या शब्दांत.”

मग रोझिता खुर्चीकडे वळली. कोणाला तरी समजावावं तसं हळू म्हणाली, “आमच्या बिल्डिंगांच्या गच्च्या रिकाम्या आहेत. सोलरला देऊ. पण वायर आमची नाही.”

“वायर माझी,” कुमारन म्हणाला. “ऑन, लाह! ठरलं!”

मग वाहतूकवाले बोलले, उद्योगवाले बोलले. कोणी थोडं सोडलं, कोणी थोडं उचललं, आणि एकदाचं गंगेत घोडं न्हालं. एकच आकडा! टाळ्या काय, मिठ्या काय! कधी न हसणाऱ्या लिमसाहेबांनी मला चक्क टाळी दिली. आनंदानं रडायलाच आलं मला.

कुमारननं गमतीनं खुर्चीला विचारलं, “ओके ऑर नॉट?”

खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकली, कोणी उठावं तशी.

सगळे हसले. जरा जास्तच जोरात.

पाकीट तिथे नव्हतं.

संध्याकाळी आमच्या टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरला सगळी टोळी जमली. काडीवर भाजणाऱ्या साटे कबाबांचा धूर, उसाच्या रसाचे जग, कुमारनच्या नकला. हसून हसून पोट दुखलं. टेबलाला प्लास्टिकची एकच खुर्ची रिकामी होती. तिच्यावर निळ्या फुलांचं पाकीट.

मी वाकून पाहिलं. खुर्चीचे पाय ओले होते, पण आता फक्त घोट्याइतके.

तेवढ्यात मुकुल श्रियाला घेऊन आला. ती धावत आली, पाकीट खिशात टाकलं आणि त्याच खुर्चीवर चढून बसली.

“अगं, ती कोणाची तरी जागा आहे!” मी ओरडलेच.

“माइन लाह. आय चोप्ड इट.”

“कधी? तू तर आत्ता आलीस.”

तिनं साटेची काडी उचलली. “व्हेन आय वॉज ओल्ड, आई.”

रोझिता खो खो हसली. मुकुलही हसला. मी पुन्हा टेबलाखाली पाहिलं. श्रियाचे पाय मजेत हलत होते. जमिनीला टेकत नव्हते. ओल त्यांच्या वीतभर खाली होती.