चार बोटांचा उंबरा

"ओ ताई, ती दोरी धरा जरा... सोडू नका."

नीरजाने स्कूटी कशीबशी कडेला लावली आणि दोरी धरली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला खोलीएवढा नारिंगी फुगा होता. फुग्याखाली एक माणूस होता, निदान त्याचे पाय तरी दिसत होते. आणि भाटघर धरणाच्या पाण्यावरून येणारा पौषातला वारा त्या दोघांनाही उचलून भोरला न्यायच्या बेतात होता.

ओढाताण करून फुगा एकदाचा जमिनीला टेकला. खुंट्या ठोकल्यावर कळलं, तो तंबू आहे. खालून एक तरुण बाहेर आला. केसांत पेंढ्याच्या काड्या.

"ते ताई म्हणालो ना... घाईत निघालं तोंडातून," तो म्हणाला.

"चालेल. मी तर अजून तुम्हाला काहीच म्हटलं नाहीये."

त्याचं नाव धनाजी. वरव्याजवळच्या कारखान्यात चार वर्षं काढून तो घरी परतला होता. भात निघालं की पाण्याकाठच्या खाचरात पुण्याच्या पाहुण्यांसाठी तंबू लावायचा. आतापर्यंत लहान तंबू होते. यंदा कुटुंबासाठी मोठे, हवा भरायचे दोन मागवले होते. काठ्या नाहीत, बांबू नाहीत; नळ्यांत पंपाने हवा भरली की तंबू आपोआप उभा.

"दोन्ही लावून बघतोय. एक ठेवायचा, एक परत पाठवायचा," तो म्हणाला. "तुमी कुठं निघाला होता?"

नीरजा भोरहून निघून तंबूच बघत हिंडत होती. वाटेवरचे दोन कॅम्प बघून नाक मुरडून झालं होतं.

"आम्ही सात जण आहोत. आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी."

"बसतील की. खोक्यावर धा माणसं लिवलंय."

"दहा माणसं उभी की आडवी?"

धनाजीने तंबूकडे बघून मनाशी हिशोब केला. "आडवी. पण लग्नघरात झोपत्यात तशी."

ती हसली. मग बॅगेतून तिने मापाची फीत काढली, आणि स्कूटीला बांधलेली एक काठीही सोडली. काठी बघून धनाजी एक पाऊल मागे सरला.

"मारायला नाही हो. बाबांची आहे."

बाबांना वैशाखात अर्धांगाचा झटका आला होता. एके काळी महिन्याला राजगड चढणारा माणूस; आता डावा पाय ओढत घरातल्या घरात चालत होता. आठ महिने त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. येत्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. पाण्याकाठी एक रात्र सगळ्यांनी मिळून राहायचं ठरलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "चार लोकांसमोर रांगत तंबूत शिरणार नाही मी. तुम्ही या जाऊन." आणि बाबांशिवाय जायला आई तयार नव्हती.

"ताठ उभं राहून आत जाता येईल असा तंबू हवाय मला," नीरजा म्हणाली. "तेवढंच. बाकी गळला तरी चालेल."

"गळला तर मला न्हाई चालणार," धनाजी म्हणाला.

त्याने दुसरा, हिरवा तंबूही उभा केला. म्हणजे पंप तिने मारला आणि नळ्या त्याने धरल्या. तिचे गाल लाल झाले. पंपामुळेच झाले असणार... असं तिने स्वतःला सांगितलं.

हिरव्याचं दार जमिनीशी सपाट होतं, पण वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. नारिंगीचं दार सहा फुटांच्या वर. नीरजाने काठी हातात घेतली, डावा पाय सैल सोडला आणि बाबांसारखी चालत दाराशी गेली. आणि अडखळून सरळ आत जाऊन पडली.

पाणी आत येऊ नये म्हणून खालचं कापड दारात चार बोटं वर घेऊन शिवलेलं होतं. चार बोटांचा उंबरा. बाबांचा पाय दोन बोटंही उचलला जात नव्हता.

धनाजी हसला नाही. हात देऊन त्याने तिला उठवलं आणि खाली बसून तो उंबरा बघू लागला.

"राहू दे," ती कपडे झटकत म्हणाली. "एकात वाकायचं, एकात अडखळायचं. बाबांना नाहीच जमणार."

"मी नारिंगी ठिवतो."

"का?"

"उंबऱ्याचं काही बघता यील. दाराची उंची काय वाढवता येत न्हाई." मग त्याने खिशातून मोबाईल काढला. "तुमचा नंबर द्या... म्हणजे, तंबूसाठी."

"तंबूला मी काय कळवणार?"

तरी नंबर तिने दिला. पुढचे तीन दिवस मोबाईल वाजला की ती आधी हात पुसायची, मग केस सारखे करायची, आणि मग बघायची—दादा असायचा.

शुक्रवारी फोन आला. "येऊन बघा. आवडलं न्हाई तर सांगा, राग न्हाई येणार."

ती गेली तेव्हा धनाजी नव्हता. भोरला सामान आणायला गेला होता. त्याची आई, चंद्राबाई, बांधावर शेण कालवत बसली होती.

"तू व्हय ती काठीवाली?" तिने नीरजाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "बघ बाई काय ते. दोन दिस तिथंच व्हता. जेवायला चारदा हाका मारल्या, तवा आला."

नारिंगी तंबूच्या दारासमोर माती ओढून लांब, हलका उतार केला होता आणि चोपण्याने चोपला होता. उतार बरोबर उंबऱ्याच्या कडेला येऊन मिळत होता. आत पेंढा अंथरला होता, त्यावर सतरंज्या, आणि दाराशी पाय रुतू नये म्हणून एक रुंद फळी. उंबरा कुठे होता हे शोधावं लागत होतं.

"अजून सारवायचं हाय," चंद्राबाई म्हणाली.

नीरजाचं लक्ष तिकडे नव्हतं. ती ओल्या मातीकडे बघत होती. तिथे एका उजव्या पायाचा नीट ठसा होता आणि शेजारी एक लांब ओढलेली रेघ. पुन्हा ठसा, पुन्हा रेघ. आत जाणारी, बाहेर येणारी... कितीतरी वेळा. डावा पाय ओढत कुणीतरी त्या दारातून चालून बघितलं होतं. कुणी बघत नसताना.

ती तिथेच खाली बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही, मावशी. वारा लागला डोळ्यांना."

चंद्राबाईने पाण्याकडे बघितलं. पाणी काचेसारखं स्थिर होतं. मग ती शेण कालवत राहिली.

रविवारी बाबा आले. गाडीतून उतरून त्यांनी आधी दार बघितलं, मग जमीन. काठी टेकत उतारावरून निघाले. आईचा हात त्यांच्या मागे अधांतरी. डावा पाय ओढला गेला, फळीवर आला, आणि बाबा ताठ मानेने आत होते. त्यांनी हात वर केला. छताला लागला नाही. मग बाहेर आले, आणि पुन्हा आत गेले. तिसऱ्यांदा जाताना त्यांच्या नातींनी टाळ्या वाजवल्या.

"ही माती कुणी ओढली?" त्यांनी विचारलं.

"म्या," धनाजी म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

सकाळी निघायची तयारी झाली. सामान गाडीत गेलं. तंबूची हवा सोडली, तसा तो सुस्कारा टाकत हळूहळू बसला. उरलेली हवा काढत गुंडाळायला दोन माणसं लागतात, खांद्याला खांदा लावून, गुडघ्यांवर. दादा चहा पीत होता. मग नीरजाच बसली.

"एक विचारू?" धनाजी हळूच म्हणाला.

"विचारा. पण ढकलणं थांबवू नका, हवा मागे येते."

"परत कधी याल?"

"गिऱ्हाईक म्हणून?"

"न्हाई... तसं न्हाई."

नळीतून हवा फुस्सदिशी निघाली. दोघांनी अजून एक वेढा घातला.

"शुक्रवारी मातीत तुमच्या पायाच्या खुणा बघितल्या मी," नीरजा कापडाकडे बघत म्हणाली. "सतरा फेऱ्या होत्या."

"अठरा. एक पुसली असंल."

"त्या दिवसापासून मला... दुसरं काही सुचतच नाही, धनाजी."

त्याचे हात थांबले. हवा मागे आली. "मला तर तुमी पडला तवापासनं," तो म्हणाला. मग चेहरा उतरला. "पण तुमी भोरातली, नोकरीवाली माणसं. आमी हितं चिखलात. तुमच्या घरचे काय म्हणतील?"

"घरचे तिकडे खुर्चीत बसलेत. केव्हाचे आपल्याकडेच बघतायत."

धनाजीने मान वळवली. बाबा खरंच बघत होते. काठी दोन्ही हातांत, हनुवटी काठीवर. दोघे एकमेकांपासून वीतभर दूर सरकले.

"नीरजा," बाबांनी हाक मारली.

"काय बाबा?"

"उजव्या कोपऱ्यात हवा राहिलीये. उलगडा ते सगळं, आणि पुन्हा गुंडाळा."

"अहो, उन्हं वर आली," आई म्हणाली. "निघायचं ना?"

"घाई काय आहे," बाबा म्हणाले. "नीट काढू दे त्यांना."

धनाजीने गुंडाळी उलगडली. उजव्या कोपऱ्यात हवा नव्हती. दोघांनी ती अगदी मन लावून काढली.