बुंटूलारा ते पालोरा, पंचवीस मिनिटं

कॉफी संपवा आणि दिव्याजवळ सरका. दारिउसबद्दल उलटसुलट ऐकलं असेल तुम्ही. मी त्याचा शेजारी, मध्ये एक फळी फक्त. त्याच्या चुलीवर काय शिजतंय ते त्याच्याआधी मला कळायचं. म्हणून जे झालं तेवढंच सांगतो.

आपल्या धावपट्टीवरचा वजनकाटा त्याच्याकडे. विमान नऊ जणांचं. प्रत्येकाला पिशवीसकट काट्यावर उभं करायचं, किलो लिहायचे, बेरीज जास्त झाली की कुणीतरी मागं. इथून पालोराला, म्हणजे इस्पितळाला, विमानानं पंचवीस मिनिटं. मोटारसायकलनं, पाऊस असला की दोन दिवस.

फेब्रुवारीत रांतेआजी आली, छातीत दुखतं म्हणून. बेचाळीस किलो. दारिउसनं त्या दिवशी ओळखीच्या व्यापाऱ्याची कॉफीची पोती चढवली.

"आजी, उद्या जा की. तू कोंबडीएवढी, कुठंही मावशील!"

"मग आजच मावू दे, मेल्या!"

दुसऱ्या दिवशी ढग उतरले. विमान आलंच नाही. नातवानं तिला मोटारसायकलवर, पाठीशी लुंगीनं बांधून, रस्त्यानं नेलं. पोचायच्या आधीच गेली.

मग तेरा मार्च, बुधवार. दारिउसची बायको मिलका सकाळपासून पोट धरून लोळत होती. आतडं फुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वाचेल, असं नर्सबाई म्हणाल्या. झोळीचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिला काट्यावर ठेवलं.

मिलका पन्नास किलोची. काटा ब्याण्णववर थांबला.

"वहिनी, पदराखाली डुक्कर दडवलंय का?" मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

उतरवलं. काटा शून्य. पुन्हा ठेवलं.

ब्याण्णव.

दारिउस गुडघ्यांवर बसला. काट्याशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "उतर, आजी... माझ्या मानेवर बस. तिला सोड."

काटा हलला नाही.

"ढग येतायत!" वैमानिक ओरडला. "एक जण कमी करा, नाहीतर मी चाललो!"

बाकीचे सगळे आजारी, नाहीतर लेकुरवाळ्या. दारिउसनं स्वतःची जागा सोडली. बायकोचा हात सोडवून घेताना तो माझ्याकडे बघत होता. मी काय करणार होतो?

चार वीसला विमान उडालं. चार पंचेचाळीसला पालोराहून निरोप, उतरलं. बरोबर पंचवीस मिनिटं. दारिउस रडला, मग हसला. "पोचली, दादा. पोचली!"

रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांचा फोन. मी शेजारीच, कान लावून.

"बाई गेल्या. आतडं फुटून दोन दिवस झालेत. इतका उशीर का केलात?"

"आज सकाळीच दुखायला लागलं, डॉक्टर..."

"आणि विमान असताना रस्त्यानं का आणलंत?"

"रस्त्यानं नाही. विमानानं... पंचवीस मिनिटं..."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"हॅलो? डॉक्टर?"

"त्यांच्या छातीवर आडवा वळ आहे," डॉक्टर सावकाश म्हणाले. "खोल. आजाऱ्याला मोटारसायकलवाल्याशी लुंगीनं बांधून आणतात ना, तसा. दोन दिवसांच्या धक्क्यांशिवाय असा उठत नाही..."

दारिउसनं फोन माझ्या हातात दिला. डॉक्टर विचारत होते:

"कुणाच्या पाठीशी बांधलं होतं त्यांना?"

मिलकाला तिसऱ्या दिवशी आणलं. बायकांनी अंघोळ घालायला घेतली, तेव्हा मी दारातून पाहिला तो वळ. कापडाची वीणसुद्धा उमटली होती... धागा न् धागा.