तसराळ्यातलं पाणी

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला मुका पेंटर हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि त्याने पाव लिटर पांढरा, एक लहान डबी तपकिरी आणि दोन नंबरचा एक ब्रश मागितला. मागितला म्हणजे काय, चिठ्ठी पुढे सरकवली.

"देवाचं चित्र काढतोयस म्हणे," दुकानदार फडताळातून डबा काढत म्हणाला. "देवाशी तरी बोलतोस, की त्यालाही चिठ्ठीच?"

पेंटर हसला, त्याचे कान लाल झाले, आणि पिशवी उचलून तो चर्चच्या रस्त्याला लागला.

तो काही खरोखरचा मुका नव्हता. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून तो दुकानांच्या पाट्या रंगवत होता आणि त्याचं अक्षर असं होतं की 'येथे थुंकू नये' लिहिलं तरी माणूस थांबून वाचायचा. पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की शब्द घशाशी येऊन बसकण मारायचे. समोरच्याच्या तोंडाकडे बघणंही त्याला जमायचं नाही. तो खाली बघायचा. त्यामुळे गावातली निम्मी माणसं तो पायांवरून ओळखायचा.

चर्चच्या आतली एक लांब भिंत फादरांनी त्याला दिली होती. प्रसंग त्याने स्वतः निवडला होता. मरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रभू येशू कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो, तो. दरवर्षी एकदा फादरही वेदीसमोर बारा जणांचे पाय धुवायचे. ते बारा जण चर्चची कमिटी ठरवायची. पेंटरचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, त्यावर पोट धरून हसायचे.

"धुवायला येणारे पाय घरूनच साबण लावून येतात," ते म्हणायचे. "धुण्यालायक पाय आमचे. पण आम्हाला बोलावलं तर फादरांना सुट्टी काढावी लागेल."

भावजी गटारं साफ करायचे. म्हणून पेंटरने ठरवलं होतं की भिंतीवरचे बाराही शिष्य गटारात उतरणारे असतील, पँटी दुमडलेले, अनवाणी, आणि प्रभूच्या हातात पाय असेल तो भावजींचा. त्यासाठी भावजी दोन संध्याकाळी येऊन बाकावर बसले होते, पितळी तसराळ्यात पाय सोडून. पाण्यात पाय कसा दिसतो, घोट्यापाशी उजेड कसा मोडतो, ते पेंटरने कागदावर उतरवून घेतलं होतं.

"नीट काढ हं," भावजी म्हणाले होते. "नाहीतर प्रभू म्हणतील, चिखल मिळाला, पाय कुठाय?"

याला आठ महिने झाले. आणि अकरा आठवड्यांपूर्वी बाजारामागच्या गटाराच्या चेंबरमध्ये भावजी आणि त्यांचे दोन सोबती उतरले ते वर आलेच नाहीत. आत गॅस होता. दुसऱ्या दिवशी तिघांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या ठेकेदाराने लिहून दिलं, की त्या दिवशी कामाला सुट्टी होती, मी कोणालाही उतरवलं नाही, हे तिघे आतली केबल कापून न्यायला गेले असावेत. चौकशीच्या कागदावर शब्द चढले, 'चोरीच्या उद्देशाने'.

हाच ठेकेदार चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष होता. रविवारी पहिल्या बाकावर बसायचा आणि सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणायचा. मृतांसाठीच्या प्रार्थनेत फादर त्या तिघांची नावं घेत नसत. चौकशी संपू दे, म्हणायचे.

ताईने एकदाच पेंटरला सांगितलं होतं. "मला कोणाकडून काही नको. तो शब्द तेवढा काढा म्हणावं. पोरांना शाळेत चोराची पोरं म्हणतात."

पेंटर मान खाली घालून ऐकत राहिला होता. त्याच्या हातात काय होतं, ब्रश.

आणि गेल्या आठवड्यात कमिटीचा निरोप आला, की प्रभूच्या हातात पाय दाखवायचा तो अध्यक्षांचा. अध्यक्ष स्वतः येऊन बसतील.

"नुसता पाय तर आहे, बेटा," फादर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पायाला कुठे नाव असतं?"

पेंटरने हातातला ब्रश खाली ठेवला. पण नाही म्हटलं तर कमिटी अख्ख्या भिंतीवर चुना फासणार हे त्याला माहीत होतं. भिंतीवरची बाकीची माणसं तयार होती. भावजींच्या दोन सोबत्यांचे चेहरे तिथे होते, आणि त्यांचे साधे फोटोसुद्धा कोणाकडे नव्हते. एका पायासाठी त्या दोघांना तो पुन्हा कसा गाडणार? त्याने मान हलवली. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

साडेचार वाजता ठेकेदार आला. चर्चमध्ये दुसरं कोणी नव्हतं. उंच खिडकीतून तिरपा उजेड येत होता आणि बाकांना नुकत्याच लावलेल्या पॉलिशचा वास होता. ठेकेदाराने बूट काढला, मोजा काढला, पँट दुमडली. डावा पाय गोरा, गुळगुळीत. क्रीमचा वास आला. भावजी खोटं बोलत नव्हते.

पेंटरने नळाचं पाणी आणून तसराळं भरलं. ठेकेदाराने पाय आत सोडला.

"गुडघ्यापर्यंत काढ," तो म्हणाला. "आणि मागची ती मंडळी जरा उजळ कर. देवाच्या दारात इतकी कळकट कशाला?"

पेंटर कोळशाने रेघा ओढत राहिला.

"तुझे भावजी नऊ वर्षं होते माझ्याकडे. माणूस वाईट नव्हता. हाताला चोरीची खोड होती, एवढंच."

पेंटरच्या बोटांत कोळसा मोडला. त्याने खिशातून दुसरा तुकडा काढला आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं. पाणी मळकट झालं होतं.

ब्रश धुतल्यावर होतं तसं करडं. आपलीच चूक असेल, तसराळ्याला रंग लागलेला असेल, असं समजून त्याने ते मागच्या मोरीत ओतलं, तसराळं घासलं, पुन्हा भरून आणलं. ठेकेदाराने पाय सोडला. पेंटरने घोट्याची रेघ पुरी करेपर्यंत तळ दिसेनासा झाला.

"नळाला असलं पाणी येतं का रे इथे?" ठेकेदाराने विचारलं.

तिसऱ्यांदा पेंटरने फादरांच्या प्यायच्या माठातलं पाणी आणलं. या वेळी त्याने नजर हलवली नाही. पाय पांढराधोप होता. बोटांच्या बेचक्यांतून काळे धागे सुटत होते, बारीक, सावकाश, आणि पाण्यात पसरत होते. मग वास आला. कुजलेल्या अंड्यांसारखा. पॉलिशचा वास त्याखाली बुडून गेला. भावजी घरी येऊन दोनदा आंघोळ करायचे तरी त्यांच्या केसांत राहायचा, तोच हा.

ठेकेदार पाय उचलायला गेला. पाय वर आला नाही.

"ए... सोड."

पेंटर सहा हात लांब उभा होता.

"पेंटर... पाय सोड म्हणतो ना."

पेंटरने दोन्ही हात वर करून दाखवले. एकात कागद, एकात कोळसा. ठेकेदाराने ते पाहिले आणि त्याच्या तोंडाचा रंग उडाला. चर्चमध्ये एकच आवाज होता, ओंजळीने कोणी पाणी उचलून पायावर सोडावं तसा. चुळुक... जरा थांबून, चुळुक. पाण्यावर लाटा उठत होत्या. घाई नव्हती. आजारी माणसाचे पाय धुवावेत तशा सबुरीने चाललं होतं.

वासाने फादर आतल्या खोलीतून आले. त्यांनी तसराळं पाहिलं, ठेकेदाराचं तोंड पाहिलं आणि गुडघ्यांवर बसून पाण्यात हात घातला. घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. काय लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. झग्याला हात पुसत राहिले, पुसत राहिले.

"थंड आहे..." ठेकेदार पुटपुटला. "फादर, यांना सांगा... मी दोर देणार होतो. त्यांनी मागितला होता. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम, दोर कशाला..."

चुळुक.

"वरून हाक मारली. ओ आली नाही. लोक जमले असते... मी झाकण लावलं."

फादर झग्याला हात पुसायचे थांबले.

"झाकण लावल्यावर... आतून वाजलं. दोनदा." त्याचा आवाज तान्ह्या मुलासारखा झाला होता. "मग नाही वाजलं."

पाणी स्थिर झालं. ठेकेदाराने पाय उचलला, तो सहज वर आला. तो कितीतरी वेळ धापा टाकत बसला. मग त्याने ओल्या पायावर तसाच मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली, आणि नाडी बांधता बांधता तो पहिल्यासारखा झाला. हे पेंटरने डोळ्यांनी पाहिलं. आधी मान ताठ झाली, मग खांदे, मग जीभ.

"फादर," तो उठून म्हणाला, "हे पापनिवेदन होतं. बाहेर एक शब्द काढलात तर धर्म बुडेल तुमचा." मग तो पेंटरकडे वळला. "आणि हा तर मुकाच आहे."

तो गेला. त्याच्या डाव्या बुटातून प्रत्येक पावलाला पाणी वाजत होतं.

पेंटरने फादरांकडे पाहिलं, सरळ तोंडाकडे. "तुम्ही ऐकलंत," तो म्हणाला.

"पापनिवेदनात ऐकलेलं मी ऐकलेलं नसतं, बेटा. शपथ आहे मला."

"त्यांनी दोनदा वाजवलं, फादर. आतून." पेंटरचा आवाज फाटला. "वर असा एक माणूस उभा होता. त्याच्यासाठी शपथ आहे, पडदा आहे, पहिला बाक आहे. त्या तिघांसाठी काय आहे? माझ्या ताईच्या पोरांसाठी काय आहे?"

एका दमात एवढं तो जन्मात बोलला नव्हता. फादर जमिनीवर बसूनच होते. तिथूनच म्हणाले, "मला बांधलंय. तुला कोणी बांधलंय का?"

शनिवारी दिवसभर पेंटरने दार लावून काम केलं. संध्याकाळी भिंतीवर चादर टांगली.

रविवारी चर्च भरलं होतं. ठेकेदार पहिल्या बाकावर, शेजारी त्याची बायको. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू व्हायच्या आधी फादरांनी चादर ओढली. प्रभू गुडघ्यांवर होता, आणि त्याच्या हातात अध्यक्षांचा पाय होता, गोरा, गुळगुळीत, गुडघ्यापर्यंत, जसा हवा तसा. तसराळ्यातलं पाणी काळंभोर होतं. मागे भावजी आणि त्यांचे दोन सोबती आपली पाळी यायची वाट बघत उभे होते. आणि खाली, दुकानांच्या पाट्यांवर असायचं त्या ठळक, भरीव अक्षरात, शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल असं, तिघांची पुरी नावं, आणि पुढे:

'यांना कामाला उतरवलं होतं. यांनी दोर मागितला होता. झाकण बाहेरून लावलं.'

आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली. ताई उभी राहून एकेक अक्षर वाचत होती.

"हे कोण म्हणतं?" ठेकेदार उठला. "कोणाची हिंमत झाली?"

"मी म्हणतो," मागून आवाज आला. हार्डवेअरवाल्याने चमकून मागे पाहिलं, कारण तो आवाज त्याने ओळखला नाही. "तुम्ही माझ्यासमोर बोललात. शुक्रवारी. याच ठिकाणी."

आणि पेंटरने सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. फादरांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांनी पुस्तक उघडलं आणि अकरा आठवड्यांत पहिल्यांदा मृतांसाठीच्या प्रार्थनेत ती तीन नावं घेतली, सावकाश, प्रत्येक नावानंतर थांबून. ठेकेदार दारापर्यंत गेला. जमिनीवर त्याच्या एकाच पायाचे ओले डाग उमटत गेले.

पेंटरने चौकशीतही जबाब दिला. तीन तारखा झाल्या, तिन्हींना साहेब नव्हते. 'चोरीच्या उद्देशाने' हे शब्द कागदावर अजून तसेच आहेत. तिघांचा जीव दहा मिनिटांत गेला, आणि दोन शब्दांवर रेघ मारायला सरकारला सवड नाही. भिंतीवर चुना फासायला मात्र कमिटीने दोनदा माणूस शोधला. गावातला एकही रंगारी तयार झाला नाही.

तिसऱ्या तारखेनंतरच्या बुधवारी, भर दुपारी, ठेकेदाराची बायको ताईच्या दारात येऊन उभी राहिली. पेंटर आत बसला होता. ताईने तिला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

"तुमच्याकडून कोणी येतं का हो आमच्याकडे?" बाईने हळूच विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "हे घराबाहेर पडत नाहीत. दिवसभर पाय बादलीत घालून बसतात. कोणीतरी धूत असतं, म्हणतात. मला दिसत नाही... पण पाणी हलतं. मी बादल्या बदलून थकले."

"पाणी काळंच येतं अजून?" ताईने विचारलं.

"हो."

"मग धुवू दे."

बाई रडली नाही. उंबऱ्याकडे बघत राहिली. "तिघंच असते तर तुमच्या पायांवर डोकं ठेवून त्यांना आवरा म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण हे म्हणतात, चौघं आहेत. तिघांचे हात ओळखू येतात. चौथ्याचे येत नाहीत... तो ओंजळ भरतो, पण पायापर्यंत पाणी पोचतच नाही म्हणे. त्याच्या तळहातांना मधोमध भोकं आहेत, त्यांतून गळून जातं."