डोळे कोरायची रात्र

मामांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा लाइट गेली होती आणि आम्ही सगळे त्यांच्या सुतारकामाच्या खोलीत भुशावर बसलो होतो. पोरं मागे लागली, मामा, भुताची सांगा. मामा म्हणाले, "भुताची मला येत नाही. मुखवटे करणाऱ्या कारागिराची सांगतो. तो माझा मित्र. जिवंत आहे, उद्या जाऊन विचारा. पण घोळका करून गेलात तर हाकलून देईल."

मी ऐकली तशी लिहिते. मीठमसाला लावायची मला सवय नाही. इथून पुढचं बोलणं मामांचं.

मुखवट्यांच्या खेळाच्या आदल्या शनिवारची गोष्ट. अमावास्या होती. पाऊस नाही, वारा नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. दिवेलागणीला कारागीर बेकरीत गेला. काम एवढंच, की बेकरीवाल्याला निरोप द्यायचा.

"आज ये. तुझे डोळे कोरायचे राहिलेत."

बेकरीवाला भट्टीतून पाव काढत होता. म्हणाला, "माझे डोळे? बायको तर म्हणते मला आहेतच कुठे!"

"मुखवट्याचे रे."

"मग तिलाच बसव मुखवटा घालून. तिला न बघता सगळं दिसतं."

"उशीर करू नकोस. तूच शेवटचा आहेस."

"भट्टी विझवतो आणि येतो. हा काय, आलोच."

बेकरीवाल्याचं 'आलोच' म्हणजे काय ते दोन्ही गल्ल्यांना माहीत होतं. कारागीर हसला आणि परत निघाला.

आता दोन गल्ल्या म्हणजे काय, ते ऐका. एक वरची, एक खालची. वर्षभर भांडतात. सांडपाण्यावरून, गाड्या लावण्यावरून, कोणाच्या कुत्र्याने कोणाची चप्पल नेली त्यावरून. पण वर्षातून एकदा मधल्या मैदानात मुखवट्यांचा खेळ होतो आणि त्याचे मुखवटे सगळे मिळून करतात. कारागिराच्या खोलीत मातीचे साचे मांडलेले असतात. प्रत्येकाच्या चेहऱ्याचा साचा वेगळा. त्यावर कागद फाडून खळीने चिकटवायचा. कापायचा नाही, फाडायचा. फाडलेली कड एकमेकीत मिसळते, कापलेली दिसत राहते. एक थर वरच्या गल्लीने लावायचा, त्यावरचा खालच्या गल्लीने, पुन्हा वरच्या. मुखवटा वाळला की कोणी म्हणू शकत नाही, हा आमचा आणि तो तुमचा. गेल्या वर्षी एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या दोन बायका एकाच गालावर खळ फिरवताना मी या डोळ्यांनी पाहिल्यात. तोंडं वाकडी, पण हात एकाच गालावर.

फक्त सगळ्यात आतला, तोंडाला लागणारा थर घरचा. जो मुखवटा घालणार, त्याच्या घरच्या माणसाने, घरातल्याच कागदाचा लावायचा.

आणि डोळे शेवटी. घालणारा माणूस समोर बसवून.

कारागिराचा थोरला भाऊ आदल्या वर्षी गेला. साच्यांसाठी माती आणायला तळ्यावर गेला आणि काठ खचला. घरात राहिले कारागीर आणि त्याची वहिनी. कारागिराने लग्न केलं नाही. वहिनीनेच त्याला लहानाचा मोठा केला, आईसारखा. खाली काम, वर दोन खोल्या. एकीत तो, एकीत ती.

वहिनी रडली नाही. हेच वाईट होतं. तिने दोन लुगडी, कंगवा आणि नवऱ्याचा एक सदरा पिशवीत भरला आणि पिशवी दाराशी ठेवली. जेवण अर्ध्यावर आलं. कोणी विचारलं की शांतपणे सांगायची, "ते न्यायला येणार आहेत. तयारी असलेली बरी."

(बायका तिला समजवायला यायच्या, म्हणे. समजवायला सगळ्या. तिच्यासोबत बसून दोन घास खायला एकही नाही. हे मामा नाही म्हणाले, मी म्हणते.)

त्या वर्षी साचे मांडले तशी वहिनी खाली आली. "भाऊजी, ह्यांचा पण करा."

"वहिनी, घालणार कोण?"

"ज्याचा साचा तो घालेल. मुखवटा नाही म्हणून अडलेत ते. डोळे मिळाले की घर सापडेल त्यांना."

कारागिराला पेच पडला. नाही म्हणावं, तर ही उरलेलं जेवणही सोडेल. हो म्हणावं, तर... मग त्याने मनाशी ठरवलं. मुखवटा करायचा. डोळे कोरायचे नाहीत. समोर बसायला माणूसच नाही, तर डोळे कोरणार कसे? आंधळा मुखवटा भिंतीवर लटकत राहील, वहिनी वाट बघत राहील. वाट बघत राहील म्हणजे जिवंत तरी राहील.

वहिनीने कपाटात नवऱ्याच्या कपड्यांखाली अंथरलेला पिवळा कागद काढून आणला आणि घरचा थर लावला. मग दोन्ही गल्ल्यांनी आपापले थर लावले. मीही लावला. त्या दिवशी भांडण झालं नाही.

तर त्या रात्री कारागीर बेकरीतून परत आला आणि लाइट गेली. त्याने कंदील लावून मेजावर ठेवला. भिंतीवर दोनच कोरे मुखवटे राहिले होते. बेकरीवाल्याचा आणि भावाचा. रंग देण्याआधी सगळे सारखेच दिसतात, पांढरे, बिनडोळ्यांचे. वर वहिनीच्या खोलीची कडी वाजली. ती झोपायला गेली होती. सुरीला धार लावायला कारागीर मागच्या मोरीत गेला.

परत आला तर स्टुलावर माणूस बसलेला. मुखवटा चढवून, हात मांड्यांवर ठेवून.

"आलास? आज चक्क वेळेवर? तुझं तोंड बंद करायला मुखवटाच लागतो बघ."

माणूस बोलला नाही.

बोलायचं नसतंच. कोऱ्या मुखवट्यात जबडा हलला की मुखवटा सरकतो आणि डोळे चुकतात. म्हणून रीत अशी की कारागिराने पेन्सिल टेकवून विचारायचं, इथे? घालणाऱ्याने मांडीवर एक थाप मारायची, म्हणजे हो. दोन मारल्या, म्हणजे नाही.

कारागिराने पेन्सिल टेकवली. "इथे?"

थप. थप.

"जरा आत?"

थप.

"बारीक झालास की काय रे? तुझे डोळे एवढे जवळ नव्हते."

थाप नाही. काही नाही.

दुसरा डोळा. "इथे?"

थप.

आता तुम्ही विचाराल, मुखवटा काढताना त्याने तोंड पाहिलं नाही का? नाही पाहिलं. तीही रीतच आहे. खुणा झाल्या की घालणारा भिंतीकडे तोंड करतो, मुखवटा काढतो आणि खांद्यावरून मागे देतो. डोळे कोरून परत मिळेपर्यंत वळत नाही. कारण मधेच माणसाचं तोंड दिसलं, तर हात मुखवट्याचे डोळे सोडून त्या माणसाचे कोरायला लागतो. कारागिराला त्याच्या बापाने शिकवलेलं. भावालाही.

स्टूल भिंतीकडे फिरलं. खांद्यावरून मुखवटा मागे आला. कारागिराने तो मेजावर घेतला आणि पहिला डोळा कोरला. सफाईने. एका दमात.

मग कागदाचा भुगा झाडायला त्याने मुखवटा उलटा केला.

घातलेला मुखवटा आतून दमट असतो. श्वासाने. बेकरीवाल्याचा तर दर वर्षी पिळून काढावा इतका ओला निघायचा.

हा कोरडा होता.

नुसता कोरडा नाही. थंड.

त्याने कंदील जवळ ओढला. बेकरीवाल्याच्या घरचा कागद खाकी, पावाच्या पिशवीचा. हा...

हा पिवळा होता.

...

काय गं, सरकलीस कशाला? बस इथेच.

कारागिराने मान वर केली नाही. भिंतीवर दुसरा मुखवटा टांगलेला होता. तो बेकरीवाल्याचा, हे बघायचीही गरज नव्हती. समोर पाठ होती. अंगात भावाचा निळा सदरा. मानेवर केसांतून पाणी ओघळत होतं. खाली मात्र पडत नव्हतं.

ती पाठ वळत नव्हती. वाट बघत होती.

थप.

पुढे कोर, म्हणून.

मी नंतर कारागिराला विचारलं, तू पळाला का नाहीस? मुखवटा फाडला का नाहीस? वर वहिनी आहे, तिला न्यायला आलाय, हे कळत होतं ना तुला? तो म्हणाला, "सगळं कळत होतं. पण एक डोळा कोरून झाला होता. एका डोळ्याचा मुखवटा आमच्या घरातून कधी कोणाच्या हातात गेला नाही. आणि दादा हे माझ्याच शेजारी बसून बापाकडून शिकलेला..."

त्याने दुसरा डोळा कोरला.

पाठीवरून एक हात मागे आला. पंजा उघडा. सख्ख्या भावाचा हात. कारागिराने त्यावर मुखवटा ठेवला.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. कारागिराने डोळे घट्ट मिटून घेतले. मग जिना वाजला. एक पायरी. दुसरी. चढणाऱ्याला घाई नव्हती. घर सापडलं होतं.

"दादा," कारागीर म्हणाला. "तिला नेऊ नकोस. मला दुसरं कोणी नाही."

पावलं थांबली.



मग पुन्हा... वरच.

"अहो कारागीर! आलो बरं का! अंधारात काय कोरताय, भोपळा?"

रस्त्यावरून बेकरीवाला आला. हातात मोबाइलची बॅटरी, अंगाला पावाचा वास. कारागीर जमिनीवर बसलेला. त्याने जिन्याकडे बोट केलं. बेकरीवाला चेष्टा विसरला. त्याने कारागिराला बखोटीला धरून उठवलं आणि दोघं वर धावले.

वहिनीच्या दाराबाहेर, उंबऱ्यावर, मुखवटा पालथा पडलेला. दार आतून बंद.

"वहिनी!"

कारागिराने दार ठोठावलं.

"वहिनी! दार उघडा!"

बेकरीवाल्याने खांदा लावला. एकदा. दोनदा. कडी निखळली.

वहिनी अंथरुणावर उताणी. हात पोटावर. सरळ, नीटनेटकी, जशी माणसं कधी स्वतः झोपत नाहीत तशी. बेकरीवाला दाराशीच थबकला. कारागिराला वाटलं, झालं. संपलं.

"कोण?" वहिनी म्हणाली.

कारागिराला रडू फुटलं.

"भाऊजी? तुम्ही आहात होय? मग दिवा तरी लावा, किती हा अंधार."

बॅटरीचा उजेड थेट तिच्या तोंडावर होता.

"दिवा लावा ना. मघाशी कोणी तरी आलं होतं. मी म्हटलं, थांबा, मला बघू तर द्या तुम्हाला. मग डोळ्यांवर काही तरी गार ठेवलं... आणि मला झोपच लागली. भाऊजी, माझे डोळे का उघडत नाहीत?"

बेकरीवाल्याने बॅटरी तिच्या डोळ्यांजवळ नेली. तिच्या दोन्ही पापण्यांवर कागदाचा एकेक तुकडा चिकटवलेला होता. एकच थर. सुरकुती नाही, बुडबुडा नाही. कडा फाडलेल्या.

खाली खळीच्या भांड्यावर झाकण होतं. खळ वाळायला रात्र जाते. ते तुकडे ठणठणीत वाळलेले होते.

कारागिराने कोमट पाण्यात कापड भिजवून हळूहळू ते सोडवले. वहिनीने डोळे उघडले. बेकरीवाल्याकडे बघितलं. दिराकडे बघितलं. मग रिकाम्या दाराकडे. खूप वेळ. आणि मग ती पहिल्यांदा रडली, भिंतीला डोकं टेकवून, अख्खी रात्र. बेकरीवाला तिच्याजवळ बसून राहिला. पहाटे घरी जाऊन ताजे पाव आणि बायकोला घेऊन आला. वहिनी जेवली.

आता जेवते ती. दोन वेळा. खळ ढवळायला बसते, पोरांना ओरडते. तिथे गेलात की बघा, कोणाला सोडत नाही.

ते दोन तुकडे कारागिराने फेकले नाहीत. काचेखाली ठेवलेत. आतल्या बाजूला तिच्या पापण्यांचे केस उमटलेत. आणि एका तुकड्यावर, बाहेरून, कड दाबून बसवताना पडतो तसा अंगठ्याचा ठसा. वहिनीचा अंगठा लावून पाहिला, लहान पडला. कारागिराचा पडला अरुंद. बेकरीवाल्याचा तर अर्धा बाहेरच.

कागद कडक वाळलाय. वाजवला तर वाजतो.

परवा मी गेलो होतो. कारागिराने काच उचलली, म्हणाला, बोट लावून बघ.

लावलं.

ठसा अजून ओला आहे.