निलगिरीचा पाला

"ओ मॅडम, बाजूला व्हा, नाहीतर पाल्याखाली गाडल्या जाल!"

प्रयोगशाळेच्या अंगणात मी दचकून मागे सरले, आणि छाटलेल्या फांद्यांचा ढीग धप्पकन माझ्या पायांशी कोसळला. ट्रकमागून तो आला — बागखात्याचा नवा माळी. केसांत पानं, गालावर मातीचा पट्टा, आणि हसणं असं, की रागवायचं ठरवूनही मला जमेना.

"या पाल्याचं तुम्ही करता तरी काय?"

"गावाच्या सांडपाण्याचा गाळ आणि हा पाला टाकीत एकत्र आंबवते. जंतू तो खातात, त्याचं आम्ल करतात. त्यातून पुढे रंग होतात, प्लास्टिक होतं..."

"म्हणजे जंतूंची खानावळच की!"

"हो. आणि तुम्ही भाजीवाले."

मग दर सोमवारी, गुरुवारी ट्रक येऊ लागला. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं. कपड्यांना लागलेल्या टाकीच्या आंबूस वासानं बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नसे. हा मात्र अगदी जवळ उभा राहून बोलायचा.

"तुम्हाला वास येत नाही?" एकदा मी विचारलंच.

"येतो ना..." तो बुटाच्या टोकानं पानं सारत राहिला. "पण वास आला की कळतं — तुम्ही आलात."

मी उगाचच मोजपट्टी शोधू लागले. ती माझ्या हातातच होती.

आणि मग तीन नंबरची टाकी गप्प झाली. बुडबुडे थांबले, आम्लाचा आकडा हलेना. प्रयोगशाळेच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "पंधरा दिवसांत सुधारणा नाही दिसली, तर प्रयोग बंद." माझी तीन वर्षं त्या टाकीत होती.

मी ढीग उपसला. एक पान चुरगाळलं — थंड, झणझणीत वास! निलगिरी. तिच्या तेलानं जंतू मरतात.

गुरुवारी तो आला. मी पान पुढे केलं आणि टाकीचं काय झालं ते सांगितलं. कारण कळताच त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या मिनिटाला तो साहेबांच्या दारात होता.

"चूक माझी आहे. यांना बोलू नका."

"पाला न तपासता मीच टाकीत घातला," मी मागून म्हणाले.

साहेबांनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं. "भांडण नंतर करा. आधी टाकी रिकामी करा!"

त्यानं सुट्टी टाकली. आम्ही जमिनीवर बसून पान न् पान निवडलं. बोटाला बोट लागलं की दोघंही एकदम पानांकडे बघायचो. ताजा गाळ भरला, पाला घातला, आणि वाट पाहिली.

नवव्या दिवशी सकाळी टाकीच्या काचेआड एक बुडबुडा वर आला... मग दुसरा... मग रांगच लागली. आम्लाचा आकडा चढला. मी आनंदानं त्याचा हातच धरला!

त्यानं तो सोडवला नाही. हसलाही नाही.

"सोमवारपासून माझी बदली आहे. रोपवाटिकेत, गावाच्या त्या टोकाला."

"मग पाला... पाला कोण आणणार?"

"पाला कुणीही आणेल हो. मला वेगळंच विचारायचंय." त्यानं बुटाच्या टोकाकडे पाहिलं. "मी पाल्याशिवाय आलो... तर चालेल?"

बुडबुड्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. माझ्या छातीतलाही.

"रविवारी ये," मी म्हणाले. तोंडातून 'ये' गेलं ते गेलंच. "घरी ये. आईला सांगून ठेवते."