पहिलं ऐकणं

समीक्षकाचा एक नियम होता. नवा अल्बम पहिल्यांदा ऐकताना मध्ये थांबवायचा नाही. चहा गार होवो, दारावरची बेल वाजो, स्वारी जागची हलायची नाही. घरच्यांनी कधीच हात टेकले होते.

आजचा अल्बम म्हणजे भलतंच धाडस होतं. जुनी लोकगीतं आणि त्यांच्या मागे अख्खा वाद्यवृंद. कापणीच्या गाण्याला चेलो, नावाड्यांच्या गाण्याला बासऱ्यांचा ताफा. संपादकबाईंना संध्याकाळपर्यंत ‘पहिली छाप’ हवी होती. सगळा सावळागोंधळ असणार, अशा खात्रीने तो बसला होता. तिसऱ्या गाण्यापर्यंत तो खुर्चीच्या कडेवर आला.

पलीकडच्या खोलीत आई पडून होती. झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती. मधलं दार सताड उघडं असायचं. तिचा आवाज एकदा तरी पुन्हा कानावर पडावा, एवढंच त्याला आता हवं होतं.

शेवटी अंगाई लागली. व्हायोलिनं हळूच मागे सरली आणि एक बाई गायला लागली. साधा, घरगुती आवाज. तिसऱ्या ओळीला तो सुरातून किंचित उतरला. हे मुद्दाम केलंय की काय, असं मनात येतंय तोच त्याच्या अंगावर काटा आला.

हीच अंगाई म्हणताना आई तिथेच उतरायची. नेहमी.

त्याने दारातून पाहिलं. आईचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द. आवाज मात्र स्पीकरमधून येत होता.

त्याचे डोळे भरून आले. “आई, थांब, पुन्हा म्हण ना,” असं म्हणत त्याने आयुष्यात पहिल्यांदा अल्बम मध्येच थांबवला.

तिचे ओठ अर्धवट उघडे राहिले. छातीवरची चादर हलेना.

त्याने बटण दाबलं. अंगाई पुढे सरकली. चादर वर आली.

गाणं चालू ठेवूनच त्याने संगीत संयोजकाला फोन लावला. “अंगाई कुणी गायलीय हो?”

“गायलीय? अहो, ती नुसती वाद्यांवर आहे. मनासारखा आवाजच मिळाला नाही आम्हाला.”

शेवटचं कडवं आलं होतं. तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजत राहील असं त्याने घाईघाईने लावलं आणि खुर्ची पलंगाशी ओढली.

संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला. “काय मग, कसा वाटला?”

“ऐकतोय अजून,” तो म्हणाला.

गाणं संपलं. पुन्हा सुरू होईपर्यंत जराशी शांतता असायची. तेवढा वेळ तोही श्वास धरून बसायचा.

या खेपेला ती थोडी लांबली.